शब्द टाकायला सांगण्याआधी

हे बघ, परवा लग्नात तू माझ्या मेव्हण्यांना ऐन पंगतीत गाठून म्हणालास, "काका, कुठेतरी चिकटवून द्या ना." ते "बघू" म्हणाले. "बघू" म्हणजे नाही. चिकटवणं त्यांच्या हातात नसतं, म्हणून माणूस अवघडतो. नोकरी मागू नकोस, माहिती माग. "तुमच्याकडे टूल डिझाइनला माणसं घेतायत का? सॉफ्टवेअर कोणतं वापरतात? कुणाशी बोलू?" एवढं विचारलंस तर काहीच करू न शकणाराही एखादा नंबर देतो.

सख्ख्या काका-मामांच्याच मागे लागू नकोस. त्यांना जे ठाऊक, ते आपल्या घरात आधीच पोचलेलं असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा लेख आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, तर बहुतेकांना खबर मिळाली होती ती क्वचित-कधीमधी भेटणाऱ्यांकडून. म्हणजे डिप्लोमाचा सीनियर, अप्रेंटिसशिपमधला सुपरवायझर, जुन्या सोसायटीतले शेजारी. कामापुरता फोन करायची लाज वाटते? वाटू दे. "आज कामासाठीच फोन केलाय," असं सरळ सांग. ओढूनताणून केलेली ख्यालीखुशाली जास्त खुपते.

पूर्वी गिरणीत जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, मनात आणलं की गावाकडचा पोरगा बदलीवर उभा राहायचा. आता ओळखीने नाव फार तर एचआरच्या टेबलापर्यंत जातं. पुढची मुलाखत तुझी.

कंपनीतलं कुणी रेफर करणार असेल तर आधी स्वतः पोर्टलवर अर्ज टाकू नकोस. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधीच नोंदलेला असला की रेफरल धरत नाहीत आणि त्याचं बक्षीस बुडतं. हो, रेफर केलेला माणूस लागून काही महिने टिकला की पुष्कळ कंपन्या पैसे देतात. तेव्हा उपकाराच्या ओझ्याने वाकू नकोस! त्याला जॉब आयडी, पीडीएफ आणि जशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा चार ओळी दे. फाइलला 'बायोडेटा फायनल २' नव्हे, स्वतःचं नाव दे.

सरकारी भरतीत यातलं काही चालवायला जाऊ नकोस. तिथे "साहेब आपलेच आहेत, एवढे लाख ठेव" म्हणणाऱ्याबरोबर चहासुद्धा पिऊ नकोस.

मुलाखत झाली की ज्याने नाव पुढे केलं त्याला त्याच संध्याकाळी कळव, कशीही झाली तरी. आणि ऑफर मिळूनही रुजू व्हायचं नसेल, तर ते एचआरच्या आधी त्याच्या कानावर घाल. नाहीतर मॅनेजरसमोर तोंडघशी पडतो तो.