'कम्प्राइझ' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग : चिनी भाषिक विद्यार्थ्यांची अडचण

इंग्रजीतील 'कम्प्राइझ' हे क्रियापद नित्याच्या बोलण्यात क्वचित येते. परंतु अहवाल, करारपत्रे, नियमावली व परीक्षेतील उतारे यांत ते वारंवार भेटते. एखाद्या समग्र वस्तूत कोणते घटक आहेत हे सांगण्यासाठी ते योजतात. अर्थ अवघड नाही. तरीही चिनी मातृभाषा असलेला विद्यार्थी येथे हटकून अडखळतो. चीनमध्ये प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण २००१ साली ठरले. तेव्हा हा दोष केवळ अपुऱ्या सरावाचा मानता येत नाही. त्याचे मूळ चिनी भाषेच्या वळणात आहे.

शब्दकोशात 'कम्प्राइझ'पुढे विद्यार्थ्यास बहुधा 'पाओख्वो' हा चिनी प्रतिशब्द आढळतो. यातील 'पाओ' म्हणजे गुंडाळणे. सारण भरून वाफविलेल्या 'पाओझ' या खाद्यपदार्थाच्या नावात तोच शब्द आहे. 'ख्वो' म्हणजे वेढून घेणे. इंग्रजी शब्दही 'एकत्र धरणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आलेला असल्याने मूळ कल्पना दोन्हीकडे जवळजवळ एकच होय. अडचण पुढे येते. 'पाओख्वो'नंतर सर्व घटक सांगावेत किंवा दोनचारच सांगावेत, चिनी भाषेस दोन्ही चालते. इंग्रजीत मात्र काही घटकच सांगावयाचे असल्यास 'इन्क्लूड' हे क्रियापद योजतात, आणि 'कम्प्राइझ' म्हटले की यादी पूर्ण समजली जाते.

चिनी वर्षचक्रात उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर असे बारा प्राणी आहेत. 'द सायकल कम्प्राइझेस ट्वेल्व्ह अॅनिमल्स' हे वाक्य शुद्ध आहे. पण 'द सायकल कम्प्राइझेस द रॅट अँड द टायगर' असे लिहिल्यास चक्रात दोनच प्राणी आहेत असा वाचकाचा समज होईल. तेथे 'इन्क्लूड्स' हवे.

या घोटाळ्यात आणखी एका शब्दाची भर पडते. यादीच्या शेवटी चिनी लेखक 'तंग' हा शब्द ठेवतो व विद्यार्थी त्याचे भाषांतर 'इत्यादी' असे करतो. परंतु पूर्ण झालेली यादी मिटविण्यासाठीही हाच 'तंग' येतो. 'पेइचिंग, थिएनचिन, शांघाय, छोंगछिंग तंग चार केंद्रशासित महानगरे' या धर्तीचे चिनी वाक्य निर्दोष आहे, कारण अशी महानगरे चारच आहेत. इंग्रजीत त्या जागी 'एट्सेटेरा' लिहिल्यास पाचवे महानगर कोणते, असा प्रश्न उभा राहील. आणि 'कम्प्राइझ' व 'एट्सेटेरा' एकाच वाक्यात आले तर वाक्य स्वतःलाच खोडून काढील.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नव्हे. मालाच्या यादीत 'कम्प्राइझ' असेल तर खरेदीदार लिहिले तेवढेच मागू शकतो; 'इन्क्लूड' असेल तर न लिहिलेल्या वस्तूंविषयी तंटा उद्भवू शकतो. हाँगकाँगमध्ये १९७४ पासून इंग्रजीबरोबर चिनी हीही अधिकृत भाषा आहे. अशा ठिकाणी एकच मजकूर दोन्ही भाषांत तयार करणाऱ्यास हा भेद डोळ्याआड करून चालत नाही.

दुसरी चूक 'ऑफ' या शब्दयोगी शब्दाची. चिनीत 'पाणी यौ हायड्रोजन व ऑक्सिजन त्सूछंग' अशी रचना होते. 'यौ' म्हणजे 'पासून', 'त्सूछंग' म्हणजे 'मिळून होणे'. त्या वळणाने विद्यार्थी 'कम्प्राइझेस ऑफ' लिहितो. मराठीतही 'पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असते' असेच आपण म्हणतो, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याच्या वहीतही ही चूक दिसल्यास आश्चर्य वाटू नये. 'ऑफ' हा 'कन्सिस्ट'चा सोबती आहे. 'कम्प्राइझ'चा कर्ता समग्र वस्तू, कर्म तिचे घटक, आणि मध्ये काहीही नाही. 'इज कम्प्राइझ्ड ऑफ' हा कर्मणी प्रयोग मात्र आता अनेक कोशांनी नोंदविला आहे, जरी काटेकोर लेखक तो टाळतात. प्रौढ विद्यार्थ्याच्या वहीत त्यावर तांबडी रेघ ओढण्याचे कारण नाही. प्रारंभी शिकविताना मात्र साधी रचनाच द्यावी.

उच्चाराकडेही लक्ष पुरवावे. प्रमाण चिनीत शब्दावयवाच्या अखेरीस 'झ' हा वर्ण येत नाही, त्यामुळे तो गळतो किंवा त्यास स्वर चिकटतो. एकवचनी कर्त्याबरोबरचे 'कम्प्राइझेस' तर आणखी एका अवयवाने लांबते. चिनी क्रियापद वचनाप्रमाणे बदलत नसल्याने हा प्रत्यय लेखनातही वारंवार सुटतो.

सरावासाठी शिक्षकाने कंपासपेटी उघडून मेजावर ठेवावी. आतील सर्व वस्तू मोजून नावे घेतली की विद्यार्थ्यांनी 'कम्प्राइझेस' म्हणावे; पेटी अर्धवट मिटून दोनच वस्तू दाखविल्या की 'इन्क्लूड्स'.