घरातील ध्वनिमुद्रण : खरेदीपूर्वीचा बंदोबस्त

आमच्या आत्याबाईंना जुनी नाट्यपदे विपुल मुखोद्गत होती, आणि उतारवयात पट्टी काळी दोनपर्यंत खाली आली असली तरी गळा अद्याप निर्वेध फिरत होता. तो आवाज संगणकावर उतरवून ठेवावा असा संकल्प घरात झाला, तेव्हा सामग्रीची चौकशी करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. दुकानदाराने कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनची शिफारस केली. मोठ्या स्टुडिओत हाच असतो, एवढे एकच प्रमाण त्याला पुरेसे वाटले. मात्र या मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो, संगणकाच्या हेडफोन लावायच्या छिद्रातून तो मिळत नाही आणि त्याकरिता ऑडिओ इंटरफेस नावाची निराळी पेटी घ्यावी लागते, ही माहिती त्याने दुसऱ्या खेपेस, दुसऱ्या बिलासोबत दिली.

त्या मायक्रोफोनची श्रवणशक्ती इतकी तीक्ष्ण होती की आत्याबाईंच्या आलापाबरोबर छतावरच्या पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्या आणि कोपऱ्यावर वळणाऱ्या रिक्षांचे हॉर्न यांचीही त्याने निःपक्षपातीपणे नोंद घेतली. यांपैकी पंख्यासारखा एकसुरी आवाज मागाहून काही अंशी पुसता येतो. परंतु उघड्या भिंतींवर आणि फरशीवर आपटून परत येणारा गायकाचाच आवाज मूळ स्वरात असा मिसळून जातो की तो पूर्णपणे निवडून काढण्याची विद्या घरगुती संगणकाला साधत नाही. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी नियोजित खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे पत्र्यासारखी झणझण ऐकू आली तर ती खोली तूर्त बाद समजावी. दिवाणखान्याचा मोह सोडून कपड्यांच्या कपाटाची निजायची खोली पत्करावी, कपाटाची दारे उघडी ठेवावी, गायकाच्या पाठीशी कापसाची गादी उभी करावी, खाली सतरंजी घालावी आणि पंखा बंद करावा. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याची जी शिफारस सर्रास केली जाते, तिच्यात तथ्य फारसे नाही. पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही, जाड कापूस शोषतो.

घर रहदारीच्या रस्त्यावर असेल तर माझा कौल डायनॅमिक मायक्रोफोनला राहील. १९६६ पासून बाजारात असलेला शूअर कंपनीचा एस. एम. ५८ या जातीचा आहे. त्याला ४८ व्होल्ट लागत नाहीत, आणि गायक जवळ बसला म्हणजे दूरच्या गोंगाटाची तो फारशी दखल घेत नाही. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवला म्हणजे प, फ, भ या ओष्ठ्य वर्णांच्या वाऱ्याचे फटकेही त्याला बसत नाहीत. इंटरफेस मात्र त्यालाही हवाच.

आवाजाची पातळी लावताना विशेष सावधगिरी हवी, कारण चाचणीच्या वेळी गायक हमखास गुणगुणतो आणि खऱ्या वेळी तार सप्तकात तान घेतो. शून्य डेसिबल ही संगणकातील वरची हद्द होय. ती ओलांडली की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि जो फाटका आवाज उरतो त्याची पुरती मरम्मत होत नाही. तेव्हा सर्वांत चढी तान प्रथम म्हणवून घ्यावी आणि ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी तजवीज करावी. २४ बिटांच्या मुद्रणात एवढी जागा मोकळी सोडल्याने काहीही गमवावे लागत नाही.

तंबोऱ्याचे यंत्र खोलीत वाजत ठेवले तर त्याचा नाद गळ्याच्या मुद्रणात शिरतो, म्हणून तो बंदिस्त हेडफोनमधून ऐकवावा लागतो. आणि येथेच सर्वांत अनपेक्षित अडचण उभी राहिली. अंतरा सुरू होताच आत्याबाईंनी हेडफोन काढून माझ्या हाती दिला आणि विचारले, "माझ्या मागून कोण गातंय रे?" त्यांचाच आवाज संगणकाची फेरी करून विलंबाने कानी येत होता. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारा संगणक १,०२४ नमुन्यांचा साठा करून मगच पुढचे काम करतो तेव्हा २३ सहस्रांश सेकंद जातात, आणि येताना-जाताना मिळून त्याच्या दुपटीहून अधिक; एवढ्या अवधीत लय ओढली जाते आणि गायकाला आपण का रेंगाळतो आहोत ते कळत नाही. इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरिंगची कळ दाबली की आवाज संगणकात न जाता थेट कानी येतो. ती सोय नसल्यास साठा १२८ नमुन्यांवर आणावा, आणि विंडोज असेल तर इंटरफेसचा स्वतःचा ए.एस.आय.ओ. ड्रायव्हर बसवावा. एक कान उघडा ठेवून गाण्याची जुन्या गायकांची सवयही मोडू नये.

सॉफ्टवेअरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ऑडॅसिटी विनामूल्य आहे, अॅपलच्या संगणकावर गॅरेजबँडही विनामूल्य मिळते, आणि एका गळ्याच्या मुद्रणाला दोहोंपैकी कोणतेही पुरते.

मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात, कसलाही संस्कार न करता जपावे; एकेरी वाहिनीला मिनिटागणिक सुमारे ८ मेगाबाइट जागा लागते, तेव्हा बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत ठेवण्यात कंजुषी करू नये. फाइलला पदाचा मुखडा, नाटकाचे नाव आणि तारीख यांबरहुकूम नाव द्यावे. पट्टीही लिहावी, पुढेमागे कोणी तबलजी साथ जोडायला बसला, तर त्याचा पहिला प्रश्न तोच असतो.