कॅमेऱ्याला न जुळलेली दुर्बीण

दुर्बिणीतून डोळ्याने पाहणे आणि त्याच दुर्बिणीला कॅमेरा जोडून छायाचित्र घेणे या दोन भिन्न गरजा आहेत, आणि पहिल्या गरजेपुरते घडवलेले उपकरण दुसरीलाही पुरते असे लेखी सांगून विकणे याला फसवणूक याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. विश्रांतवाडीतील एका गच्चीवर प्रस्तुत लेखकाला हा अनुभव १३० मिमी व्यासाच्या आणि ६५० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटनीय परावर्ती दुर्बिणीबाबत आला. डीएसएलआर कॅमेरा थेट जोडल्यास फोकस मिळेल काय, हा नेमका प्रश्न खरेदीपूर्वी लेखी विचारला होता आणि विक्रेत्याचे उत्तर ‘होय’ असे होते, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे.

न्यूटनीय दुर्बिणीत नळीच्या तळाचा अंतर्गोल मुख्य आरसा प्रकाश एकवटतो आणि वरच्या टोकाजवळचा लहान तिरका आरसा तो बाजूच्या फोकसरकडे, म्हणजे नेत्रिका आतबाहेर सरकवणाऱ्या नळीकडे, वळवतो. नेत्रिकेला प्रतिमा फोकसरच्या तोंडापाशी मिळाली तरी चालते; डीएसएलआरचा प्रकाशसंवेदक मात्र लेन्स बसवण्याच्या कड्यापासून साधारण ४४ ते ४७ मिमी आत असतो, आणि कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या टी-रिंगची जाडी धरून हे अंतर ५५ मिमी होते.

चंद्रावर दुर्बीण रोखून फोकसर आत फिरवत नेला, तसतशी चंद्राची धूसर तबकडी आवळत गेली, कडा स्पष्ट होऊ लागली, विवरे जाणवू लागली, आणि तेवढ्यात फोकसर तळाला टेकून थांबला. कॅमेरा काढून त्या जागी बटर पेपर धरला असता रेखीव प्रतिमा फोकसरच्या तोंडापासून जेमतेम ३ सेंमीवर उमटली, म्हणजे संवेदकाच्या जागेच्या सुमारे अडीच सेंमी अलीकडे. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, हाताळणीचा नव्हता, नळीच्या मापाचाच होता, हे त्या कागदाने निर्विवाद ठरवले.

हा पुरावा छायाचित्रासह पाठवल्यावर विक्रेत्याने आधी कॅमेऱ्याचे सेटिंग तपासण्यास सांगितले, मग शहरातील धुळीवर बोट ठेवले आणि शेवटी बार्लो भिंग विकत घेण्याचा सल्ला दिला. नाभीय अंतर वाढवणारे हे अपसारी भिंग प्रतिमा बाहेर ढकलते हे खरे, परंतु दुपटीच्या बार्लोने एफ/५ ची दुर्बीण एफ/१० होते आणि तेजोमेघासारख्या पसरट, मंद वस्तूला चौपट वेळ द्यावा लागतो. ग्रहांसाठी उपयुक्त असलेली ही जोड तेजोमेघ टिपण्यासाठी घेतलेल्या दुर्बिणीचा दोष झाकायला पुढे करावी आणि तिचेही पैसे वेगळे मागावेत, हे वर्तन अक्षम्य आहे.

‘पुण्यात गच्चीवरून असले फोटो काढतो कोण, आजवर कोणाची तक्रार नाही’ हे त्याचे अखेरचे वाक्य तर निव्वळ अज्ञानाचे होते. याच शहरात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण वापरणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊर येथे मोहीम नेली, आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून येथील हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आहे. अशा संस्थेतील जाणकारांना पैसे देण्यापूर्वी विचारणे हे विक्रेत्याच्या कोणत्याही लेखी होकारापेक्षा भरवशाचे आहे.

दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन फोकस पाहावा, मात्र समोरच्या रस्त्यावरची पाटी दाखवली तर ती चाचणी ग्राह्य धरू नये. ६५० मिमीच्या दुर्बिणीत २० मीटरवरील वस्तूची प्रतिमा चंद्राच्या प्रतिमेपेक्षा सुमारे २ सेंमी बाहेर पडते, त्यामुळे पाटी स्पष्ट दिसते आणि आकाश धूसर राहते. चाचणी चंद्रावर किंवा ताऱ्यावरच घ्यावी.

दुर्बिणीपेक्षा तिच्या माउंटवर, म्हणजे तिला पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर, अधिक खर्च करावा. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते आणि या दुर्बिणीवर ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदात सुमारे १२ पिक्सेल ओलांडतो, म्हणून पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरणारा विषुववृत्तीय माउंट अनिवार्य ठरतो. पुण्यात हा आस क्षितिजापासून अवघा १८.५ अंश उचललेला असतो आणि अधिक उत्तरेकडील देशांना समोर ठेवून बनवलेल्या काही स्वस्त माउंटांत एवढ्या कमी कोनावर प्रतिभाराचा दांडा तिवईच्या पायावर आदळतो. किमान किती अक्षांशापर्यंत माउंट चालतो, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

विश्रांतवाडीच्या आकाशाविषयी थोडक्यात इतकेच, की शहराचा मुख्य उजेड दक्षिणेला आहे, त्यामुळे जास्तीत जास्त २४ अंश चढणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ त्यात बुडतो, तर ६६ अंशांपर्यंत येणारा मृगातील तेजोमेघ हिवाळ्यात बऱ्यापैकी हाती लागतो. लोहगावची विमाने चौकटीत येतात, तेवढ्या फ्रेम वगळाव्यात. सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड अडवणारे जुने फिल्टर पांढऱ्या एलईडीपुढे फारसे चालत नाहीत. पावसाळ्यात भिंगे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावीत, आणि संयम ठेवावा.

बिल, जाहिरातीचे चित्र आणि प्रश्नोत्तरांचा पत्रव्यवहार जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलातील मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पुढचा मार्ग जिल्हा आयोगाचा आहे. मुख्य आरसा नळीत सुमारे ३ सेंमी वर सरकवून फोकस मिळवता येतो, पण त्यासाठी नळीला छिद्रे पाडावी लागतात, हमी संपते आणि तिरक्या आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू एफ/५ ला ६ मिमी रुंद होऊन चित्राच्या कडा काळवंडू शकतात. म्हणून हे काम तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हाती घेऊ नये.