चुलीजवळची श्रद्धा

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते. मार्था पाहुणचारात गुंतलेली असते आणि वैतागून प्रभूकडेच तक्रार करते. प्रवचनात बहुधा मरियेचे कौतुक होते. घरी परतताना मात्र आपल्या आयाबहिणींच्या मनात येतेच, की मग त्या दिवशी जेवण कोणी रांधले? आपल्या देशातील दोन जुन्या चित्रपटांनी हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. एक मराठी, दुसरा बंगाली. या रविवारी त्यांचाच अभ्यास करू या.

‘संत तुकाराम’ हा चित्रपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढला. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एका वारकरी संताची कथा एक हिंदू आणि एक मुसलमान कलावंत मिळून पडद्यावर आणतात, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम सांगावीशी वाटते. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. ते मूळचे रंगभूमीवरील नट, तेही स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जाणारे. पडद्यावर ते अभिनय करतात असे वाटतच नाही.

पण आम्हाला बोलायचे आहे ते जिजाईविषयी. गौरी या अभिनेत्रीने ती साकारली आहे. तुकाराम भजनात रंगतात, हातचे देऊन टाकतात, आणि घरात मुलांच्या पोटात अन्न नसते. जिजाई भांडते, बडबडते, कामाला लागते. तिचे बोलणे खेडवळ आणि धारदार आहे. एकदा मूल आजारी पडते. औषधाला पैसा नाही. तेव्हा ती तडक देवळात जाते आणि पायातली वहाण पांडुरंगावर उगारते. ज्याने नवऱ्याला वेड लावले, घर धुळीला मिळवले, त्याला ती समोरासमोर जाब विचारते.

चित्रपटात चमत्कार पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याच्या त्या जुन्या करामती पाहून आजची मुले हसतील, हसू द्यावे. वहाण उगारलेल्या जिजाईला मात्र कोणी हसणार नाही. आमच्या मते सबंध चित्रपटातला हाच सर्वांत धार्मिक प्रसंग आहे. देव नाहीच असे जिला वाटते, ती देवळात कशाला जाईल? ईयोबाचे पुस्तक आठवा. त्यात देवाची बाजू सावरून बोलणारे मित्र शेवटी बोलणी खातात, आणि देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबाला देव आपला सेवक म्हणतो. दामले-फत्तेलाल यांनीही जिजाईला कोठे खलनायिका केले नाही. अखेरीस तुकाराम वैकुंठाला निघतात आणि तिलाही बोलावतात. ती मागे राहते. मुलांकडे आणि घराकडे कोण पाहणार?

दुसरा चित्रपट सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून काढलेला, रायबाबूंचा पहिलाच. पैसे संपले म्हणून चित्रीकरण कितीदा थांबले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने मदत केली आणि १९५५ साली तो कलकत्त्यात प्रदर्शित झाला. यातला हरिहर पौरोहित्य करतो आणि आपण लिहिलेली नाटके एक दिवस नाव काढतील या आशेवर जगतो. देवावर त्याचा भरवसा आहे. तो कमाईसाठी परगावी जातो आणि महिनोन्‌महिने परतत नाही. पडके घर, मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि रिकामी भांडी हे सारे सर्वजया या त्याच्या पत्नीच्या पदरात. करुणा बॅनर्जी यांनी ही सर्वजया उभी केली आहे. ती जिजाईसारखी भांडत नाही, आतल्या आत घट्ट होत जाते. इतकी, की म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणला ती दाराबाहेर काढते आणि ती म्हातारी बांबूच्या बनात मरून जाते. गरिबी माणसाला पवित्र करतेच असे नाही, हे राय लपवत नाहीत.

मग पावसात भिजलेली दुर्गा तापाने फणफणते. वादळाच्या रात्री सर्वजया एकटी दार धरून बसते. सकाळी शेजारीण येते, पाहते, आणि काही न बोलता सर्वजयाला कवेत घेते. पुढे हरिहर परततो. दुर्गेसाठी आणलेली साडी तो हौसेने पुढे करतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकर यांच्या संगीतातील तारशहनाईचा सूर येतो.

त्या शेजारणीपाशी थोडे थांबावे. दुःखाच्या घरी आपण जातो, ‘देवाची इच्छा’ असे म्हणतो आणि मोकळे होतो. पोर गमावलेली एखादी आई मिस्सेला यायची थांबली, तर तिची श्रद्धा कमी पडली असे आपापसांत बोलतोही. तिच्या घरी जाऊन नुसते बसायला आपल्यापैकी किती जण तयार असतात?

कान येथील महोत्सवात १९५६ साली या चित्रपटाला ‘मानवी दस्तऐवज’ म्हणून पारितोषिक मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेच्या परीक्षकांनीही त्याचा विशेष उल्लेख केला होता. पडद्यावर ना क्रूस, ना चर्च. एका बंगाली ब्राह्मणाचे घर. तरीही त्यांना त्यात ओळखीचे काही दिसले.

दोन्ही चित्रपट साधारण दोन-सव्वादोन तासांचे आहेत. कुटुंबाने एकत्र पाहावेत, पण एकाच दिवशी दोन्ही नकोत. तरुणांच्या गटाला ‘पथेर पांचाली’मधला एक प्रसंग चर्चेला सुचवतो. शेजारच्या मुलीची माळ दुर्गेने चोरली, असा आळ आलेला असतो. ती शेवटपर्यंत नाही म्हणते. तिच्या मृत्यूनंतर गाव सोडताना अपूला ती माळ घरातच सापडते. तो कोणालाही न सांगता ती तळ्यात फेकतो आणि पाण्यावरचे शेवाळ हळूहळू पुन्हा मिटते. अपूने बहिणीचे पाप झाकले, की तिला क्षमा केली? माळेची मालकीण तर अजून शेजारीच राहते आहे.