अक्षरांतून उमटणारे चेहरे

कासू परिसरातील भातशेतीत बुजगावणे कोणास ठाऊक नाही? काठीवर पालथे मडके, त्यावर चुन्याने काढलेले डोळे व तोंड, अंगात जुना सदरा. जपान हाही भातशेतीचा देश. तेथे बुजगावण्याचा चेहरा पुष्कळदा काढीत नाहीत, तर सात अक्षरांनी लिहितात : हे, नो, हे, नो, मो, हे, जी. दोन ‘हे’ म्हणजे भुवया, दोन ‘नो’ म्हणजे डोळे, ‘मो’ म्हणजे नाक, तिसरा ‘हे’ म्हणजे तोंड आणि ‘जी’ची वळणदार रेघ म्हणजे चेहऱ्याची कड.

अक्षराला चेहरा देण्याची गरज पत्रलेखकाला विशेष भासते. वसतिगृहातून घरी ‘मी खुशाल आहे’ असे लिहिताना डोळे भरून आलेले असले, तरी ते कागदावर दिसत नाहीत. संगणकावरील संदेशांतही हीच उणीव जाणवली. थट्टा ही थट्टाच समजली जावी, म्हणून अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी :-) ही खूण सुचविली. ती पाहण्यास मान कलती करावी लागते. १९८६ मध्ये जपानमध्ये वाकाबायाशी यासुशी यांनी (^_^) हा सरळ पाहता येणारा चेहरा योजिला. अशा चेहऱ्यांना तेथे ‘काओमोजी’ म्हणतात. ‘काओ’ म्हणजे चेहरा, ‘मोजी’ म्हणजे अक्षर.

दोहोंतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पाश्चात्त्य खुणेत भाव बदलतो तो तोंडाने : :-) हसरा, :-( दुःखी. काओमोजीत तोंड बहुधा तीच आडवी रेघ राहते आणि बोलतात ते डोळे : (^_^) आनंद, (;_;) अश्रू, (>_<) वेदना. चेहरा वाचताना जपानी माणूस डोळ्यांकडे अधिक पाहतो, असे मानसशास्त्रज्ञ मासाकी युकी व त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ‘डोळे सर्व सांगतात’ असे आपणही म्हणतोच.

कळफलकातून चित्र घडविणारा कलावंत महाराष्ट्रातही झाला. मुंबईचे चंद्रकांत भिडे यांना कलाशिक्षण घ्यावयाचे होते. परंतु घरच्या परिस्थितीमुळे ते शक्य झाले नाही. युनियन बँकेत टंकलेखन करता करता त्यांनी त्याच कळांनी थोरामोठ्यांची व्यक्तिचित्रे साकारली. सचिन तेंडुलकर यांच्या कुरळ्या केसांसाठी त्यांनी ‘@’ हे चिन्ह वापरले. निवृत्तीच्या वेळी बँकेने ते टंकलेखन यंत्र त्यांना एक रुपयात दिले.

कुंचला हाती आला नाही, म्हणून भिडे थांबले नाहीत; कार्यालयीन पत्रांच्या कळांनाच त्यांनी कुंचला केले. साधने मोजकी असणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आज वसतिगृहातील मुलाने घरी (;_;) एवढेच धाडले, तरी अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्याचे भरलेले डोळे दिसतील.