व्याधी आणि अध्यात्म : ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायाच्या आधारे

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• व्याधीविषयीचा ‘ज्ञानेश्वरी’तील विचार स्पष्ट करता येईल.
• दीर्घ आजाराच्या संदर्भात त्याचे मर्म व मर्यादा सांगता येतील.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या गावोगावांहून रुग्ण येतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्यांना आजारासह जगणे शिकावे लागते. ‘हे माझ्याच वाट्याला का?’ या त्यांच्या प्रश्नाला औषधात उत्तर नसते. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या आणि याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या ‘ज्ञानेश्वरी’त त्याचा विचार करण्याची एक दिशा सापडते.

विवेचन
गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःखरूप दोष पाहणे हे ज्ञानाचे एक लक्षण सांगितले आहे. व्याधी कोणाच्या पंक्तीत बसली आहे, हे लक्षात घ्या. जन्म-मृत्यू सर्वांनाच आहेत. त्यांच्यासोबत येणारी व्याधीही देहाचा धर्म ठरते. आजाराला पापाचे फळ मानून रुग्णाला लाजवणाऱ्या समजुतीला या श्लोकाच्या आधारे उत्तर देता येते.

मात्र एक अडचण उरते. ज्ञानेश्वरांचा साधक धडधाकट असतानाच पुढचे पाहतो. आजचे पुष्ट शरीर उद्या वाळल्या काचरीसारखे होईल, हे ओळखून आरोग्य आहे तोवर साधना करतो. मग जो आधीच आजारी आहे, त्याने काय करावे?

त्यासाठी याच अध्यायातील ‘क्षांती’चे विवेचन वाचावे. तेथील पुरुष तिन्ही ताप सोसतो. पण आपण सोसतो आहोत, याचा अभिमान बाळगत नाही. शरीराच्या व्याधींची गणना परंपरेने ‘आध्यात्मिक’ तापात होते. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात रामदासांनी या तापाखाली रोगांची मोठी यादीच दिली आहे. म्हणजे दुखणे हा अध्यात्मातील अडथळाच असतो असे नाही. ते अध्यात्माचे क्षेत्रही होऊ शकते.

क्षांती म्हणजे उपचारांचा त्याग नव्हे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुमारे चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाने नामस्मरणाच्या भरवशावर एकही खेप चुकवू नये. श्रद्धा रोग बरा करण्याची हमी देत नाही; रोगासह जगताना मन कडवट होऊ न देण्याचे बळ मात्र ती देऊ शकते.

स्वाध्याय
1. जन्म-मृत्यूच्या पंक्तीत व्याधीला स्थान दिल्याने कोणता अर्थ सूचित होतो?
2. ‘क्षांती’ आणि हतबलता यांतील फरक तुमच्या परिचयातील उदाहरणाने स्पष्ट करा.