चुकीच्या घराचा फोटो

कार्डिफमधल्या एका दिवाणखान्यात चुना दिलेल्या शेतघराचा फोटो टांगलेला आहे. फाटकावर 'पेनरिऊ' अशी पाटी, दारात कुत्रा, मागे हिरवा डोंगर. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सुनेनं दिलेली ही भेट. त्यांचे पणजोबा याच घरात जन्मले, असं तिनं केक कापायच्या आधी सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. पणजोबा त्या घरात जन्मले नव्हते. त्यांनी त्याचा उंबरठा तरी कधी ओलांडला असेल की नाही, शंकाच आहे. सून मूळची साताऱ्याकडची. तिच्या मुलांची एक आजी तिकडे आणि एक 'मामगी' इकडे, कारण दक्षिण वेल्समध्ये आजीला मामगी म्हणतात. ही उत्साही सून म्हणजे प्रस्तुत लेखिकाच.

धागा मिळाला तो सासूबाईंच्या घरच्या वेल्श बायबलमध्ये. पहिल्या कोऱ्या पानावर जन्माच्या नोंदी, आणि पणजोबांच्या नावापुढे एकच शब्द: पेनरिऊ. कुटुंब मूळचं कार्डिगनशरचं हे ठाऊक होतं. सूनबाईंनी मोबाइलवर नकाशा उघडला, नाव टाकलं आणि वीस मिनिटांत घर 'सापडलं'. पुढच्याच शनिवारी गाडी काढून तिथे जाऊन फोटो. शेतमालकीण भली बाई. तिनं चहा पाजला आणि कौतुकानं सगळं ऐकून घेतलं.

पेन म्हणजे माथा, रिऊ म्हणजे चढ. वेल्समध्ये चढांना काय तोटा! चढ आला की माथा आला, आणि माथ्यावर घर असलं की त्याचं नाव पेनरिऊ. आपल्याकडे माळवाडी शोधायला निघालेला माणूस पहिल्या माळवाडीला एसटीतून उतरला, तर त्याला कंडक्टरही हसेल. त्यातून एकाच नावाची दोन घरं जवळजवळ असली तर वरचं 'उखाव', खालचं 'इसाव', मोठं 'मौर', धाकटं 'बाख'. बुद्रुक आणि खुर्द म्हणजे काय हे लहानपणापासून माहीत असलेल्या बाईनं तरी या फाट्यावर थांबायला हवं होतं.

चूक उघडी पडली सहा महिन्यांनी, १८५१ च्या जनगणनेचं पान हाती आल्यावर. ब्रिटनची जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण देशभरातल्या घरांची माणसं नावानिशी दिसतात ती १८४१ पासून. त्या वर्षीची नोंद जरा फसवी आहे: पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा होतो, आणि जन्मगावाच्या जागी 'याच काउंटीत का' एवढ्याचंच हो-नाही. १८५१ पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत जन्म झाला, ते येतं. घरप्रमुखाशी नातंही येतं. त्या पानावर पणजोबा तान्हं बाळ होते, घराचं नाव पेनरिऊच होतं, आणि बापाचा धंदा लिहिला होता: शेतमजूर.

फोटोतलं शेत शंभर एकरांहून मोठं. असल्या शेताचं कूळ स्वतःला शेतमजूर कशाला म्हणवून घेईल? शिवाय पानावरची वरची-खालची घरं त्या शेताच्या आसपास कुठेच नव्हती. तेव्हा गणनेचा माणूस दारोदार चालत जायचा आणि चालण्याच्या क्रमानं लिहायचा. त्यामुळे शेजारची चार-पाच नावं म्हणजे त्याच्या पावलांचा माग असतो. सूनबाईंनी आपली ओळ शोधली, नाव जुळलं म्हणून टाळी वाजवली आणि पान मिटलं. शेजारी वाचायचे असतात, हे त्यांना मागाहून कळलं.

मग सुरू झाला खरा शोध, आणि त्यात पदरचे पैसेही गेले. वेल्समध्ये आडनावं मूठभर. जोन्स म्हणजे जॉनचा, डेव्हिस म्हणजे डेव्हिडचा. पूर्वी बापाचं नावच मुलापुढे लागायचं, आपल्या मधल्या नावासारखं, आणि ग्रामीण भागात ही रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. त्यामुळे जॉन इव्हान्सचा मुलगा डेव्हिड जोन्स निघाला तर त्यात गफलत नाही, ती रीतच आहे. एकाच नावाच्या भलत्याच बाळांचे तीन दाखले सूनबाईंनी मागवले आणि तिन्ही फुकट गेले. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी तिथे १ जुलै १८३७ पासून आहे. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासूनच दिसतं. मात्र नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते पहिल्या वर्षापासून आहे. ते आधी ताडून पाहावं, मगच दाखल्याचे पैसे भरावेत. नोंदणी जिल्ह्याच्या नावावरही विसंबू नये. न्यूकॅसल एमलिन हा जिल्हा कार्डिगनशर आणि कार्मार्दनशर दोन्हीकडे पसरलेला होता. खुद्द कार्डिगनशर १९७४ मध्ये डव्हेड नावाच्या मोठ्या काउंटीत विलीन झालं आणि १९९६ मध्ये केरेडिगियॉन म्हणून पुन्हा वेगळं निघालं.

भाषेचा खेळ आणखी वेगळा. मराठीत शब्दाची शेपटी बदलते: घर, घराला. वेल्शमध्ये बदलतं ते तोंड. 'मेलिन' म्हणजे पाणचक्की, पण अमुक एक पाणचक्की म्हणायचं तर ती 'वेलिन' होते. पूल 'पाँट' असतो, तोच 'बाँट' होतो. म्हणजे सूचीत एका अक्षराखाली घर मिळालं नाही, तर त्याच्या भावंड-अक्षराखाली पाहायचं. त्यात लिहिणाऱ्याचा कान इंग्रजी असला तर स्पेलिंगचा विचारच नको. वेल्सच्या ऐतिहासिक स्थळनामांची कायद्यानं ठेवलेली यादी २०१७ पासून ऑनलाइन आहे. एकाच जागेची जुनी रूपं तिथे शेजारी-शेजारी दिसतात.

गाठ सुटली ती मात्र दशांशाच्या नकाशावर. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायची जुनी रीत होती. १८३६ च्या कायद्यानं तो हिस्सा रोख पैशात बदलला आणि त्यासाठी पॅरिशमागून पॅरिश मोजणी झाली. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या वहीत मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्रफळ. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही. मापं एकर, रूड, पर्च अशी: एकराचे चार रूड, रूडाचे चाळीस पर्च. आपला एकर चाळीस गुंठ्यांचा, तेव्हा एक रूड म्हणजे दहा गुंठे आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. हे गणित जमलं तेव्हा सूनबाईंना परदेशात प्रथमच आपण माहेरी बसलोय असं वाटलं. वेल्सचे हे नकाशे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं स्कॅन करून सगळ्यांना फुकट खुले केले आहेत.

पेनरिऊ हे नाव त्या वहीत नव्हतंच. मजुरांच्या खोपटांना तिथे बरेचदा नाव नसतं; लिहिलेलं असतं फक्त 'कॉटेज आणि बाग'. म्हणून सूनबाईंनी घराचा नाद सोडला आणि जनगणनेतल्या शेजाऱ्यांची शेतं एकेक करून नकाशावर रंगवली. तीन शेतं रंगली, मधे एक चिंचोळा तुकडा उरला. वहीत त्याचा नंबर काढला. क्षेत्र वीस पर्च, म्हणजे पाच गुंठे. कसणारा: पणजोबांचा बाप. फोटोतल्या घरापासून ही जागा दोन पॅरिश पलीकडे होती.

पुढे ते घर गेलं कुठे, याचं उत्तर ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या नकाशांत मिळालं. हे वेल्सचे नकाशे फुकट पाहायचे तर जावं लागतं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. त्यात मानापमान मानू नये. १८८० च्या दशकातल्या नकाशाच्या तावावर त्या ठिकाणी एक छोटा चौकोन आहे. १९०० नंतरच्या तावावर नुसती झाडं. मधल्या काळात पोरं ऱ्होंडाच्या कोळसा खाणींकडे निघून गेली होती, पणजोबाही त्यांतलेच. कार्डिगनशरमधली गरिबांची घरं 'क्लोम'ची, म्हणजे माती आणि पेंढा कालवून रचलेल्या भिंतींची, वर गवताचं छप्पर. छप्पर शाकारणारं कोणी उरलं नाही की पाऊस भिंती विरघळवून टाकतो. दगडी वाडा पडला तरी अवशेष उरतात. इथे मातीची माती होते.

काहींच्या नशिबी तेवढंही नसतं. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेलं. एपिंट डोंगरावरची ५४ घरं १९४० मध्ये लष्करानं सरावासाठी रिकामी करून घेतली, ती लोकांना परत मिळालीच नाहीत. अशा ठिकाणी पाय ठेवण्याआधी परवानगीचं काय ते पाहावं लागतं. खाजगी शेतातही शेतकऱ्याला विचारल्याशिवाय शिरू नये, विशेषतः मेंढ्या व्यायच्या दिवसांत. विचारलं तर तो स्वतःच काठी घेऊन वाट दाखवायला येतो.

सूनबाई पहिल्यांदा गेल्या त्या जुलैत. छातीइतकं नेचं माजलेलं, तीन तास चालून हाती ओरखडे. मार्चच्या सुरुवातीला पुन्हा गेल्या, या वेळी सासूबाईंना घेऊन. नेचं झोपलं होतं. कुंपणाच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा मातीचा लांबट उंचवटा, त्याच्या एका टोकाला काळवंडलेले चार दगड, आणि माणसानंच लावले असतील अशा स्नोड्रॉपचा पांढरा पट्टा. सासूबाईंनी काठीनं जमीन चाचपडत दगडांपासून चालायला सुरुवात केली आणि सहाव्या पावलाला उंचवटा संपला.

"१८५१ ला इथे किती जण होते म्हणालीस?"

"सात. आणि एक भाडेकरू."

सासूबाई चुलीच्या दगडावर बसल्या, थर्मास उघडायला सांगितला आणि दार कोणत्या बाजूला असेल यावर वाद घालू लागल्या. त्यांच्या मते ओढ्याकडे, सुनेच्या मते वाऱ्याच्या पाठीकडे. वाट दाखवायला आलेल्या शेतकऱ्याचं मत तिसरंच होतं. फोटो अजून दिवाणखान्यातच आहे. त्यातला कुत्रा सासूबाईंना आवडतो.